बिनचमकीची पूड

आदिलाबाद सोडून मावल्याकडं निघालं की मोठ्या रस्त्याच्या कडेला ट्रकचे टायर जोडणारे, बॅटऱ्या भरणारे, स्प्रिंगचे पाटे ठोकणारे अशांची एक रांग लागायची. त्या रांगेच्या टोकाला चंपतरावांची पत्र्याची शेड होती. तिथं विकायला काहीच नव्हतं. पाण्याच्या पंपांचे झिजलेले भाग यायचे, त्यांच्यावर नायलॉनचा थर चढायचा आणि ते परत जायचे. लोक त्या कामाला 'प्लास्टिक चढवणं' म्हणत.

पंपाच्या आत गरगर फिरून पाणी फेकणारा जो बिडाचा पंखा असतो, तो आधी तेल आणि गंज काढून स्वच्छ करायचा. मग दाबाच्या हवेनं त्याच्यावर खरखरीत वाळू मारायची, म्हणजे बीड खडबडीत होतं आणि वरचा थर धरून ठेवतं. मग ते तापवायचं, आणि बंदुकीसारख्या एका यंत्रातून, गॅसच्या ज्योतीतून, नायलॉनची पूड त्याच्यावर उडवायची. पूड वाटेतच वितळते, तापल्या बिडावर बसते, पसरते आणि सायीसारखी एकसंध होते. ज्योत जवळ आली तर थर करपून तपकिरी पडतो. लांब गेली तर रव्यासारखा कोरडा राहतो आणि नखानं निघतो. सगळा खेळ हाताचा.

या भागात त्या कामाला गिऱ्हाईक होतं ते पेनगंगेमुळं. नदीचं पाणी पंपानं ओढलं की पाण्याबरोबर वाळू येते, आणि ती वाळू बीड खाते. काठच्या शेतकऱ्यांचे पंखे एका हंगामात ब्लेडसारखे पातळ होत. चंपतराव मावल्याच्या भाजीपाला करणाऱ्या घरातले. तरुणपणी हैदराबादला जाऊन एका कारखान्यात हे काम शिकले, आणि एक जुनी बंदूक घेऊन परत आले. ही गोष्ट पंचाऐंशी सालची. त्याच वर्षी मुधोळकडच्या एका कापूस-ज्वारीच्या घरातली राहीबाई लग्न होऊन त्यांच्या घरी आली.

राहीबाई पहिल्यांदा शेडमध्ये आली ती भाकर घेऊन. हाताखालचा माणूस काम सोडून गेला होता आणि चंपतराव एकटेच बिडावरचा गंज खरडत बसले होते. तिनं डबा ठेवला, पदर खोचला आणि दुसरा ब्रश उचलला. त्यांनी नको म्हटलं नाही. पुढं भाग धुणं, पुसणं, तोंडाला फडकं आणि डोळ्यांना काच लावून वाळू मारणं ही कामं तिचीच झाली. अंगात वाळू शिरायची, केस धुतले तरी खरखर जायची नाही. पण घरात बसून राहण्यापेक्षा तिला ते बरं वाटे. वाळू मारून झाल्यावर काळं बीड एकसारखं राखाडी दिसू लागे, त्याच्याकडं ती घटकाभर पाहत राही. बंदूक मात्र चंपतरावांच्या हातात. तिला हात लावायचा विचारही तिच्या मनात कधी आला नाही.

त्र्याण्णव साली ट्रकमधून गॅसची टाकी उतरवताना दोर सुटला आणि टाकी चंपतरावांच्या उजव्या खांद्यावर आली. हाड जुळलं, पण आतली शीर दुखावली ती दुखावलीच. हात वर जायचा आणि थरथरायचा. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी बंदूक धरून पाहिली. थर लाटालाटांनी बसला, एकीकडं जाड, एकीकडं उघडं बीड. त्यांनी तो भाग बाजूला ठेवला आणि बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, "राही, तू धर. मी सांगतो."

तिनं धरली. सुरुवातीला तिचा हात जड पडे. ते बाकावरून सांगत, मागं घे, आता चालू ठेव, थांबू नको. चमक आली की पुढं सरक. नायलॉन नीट वितळलं की ओल्या फरशीसारखं चकाकतं, ती चमक हीच त्यांची खूण होती. त्यांनी आपल्या हातातलं सगळं एका उन्हाळ्यात बोलून बोलून तिच्या हातात घातलं. दिवाळीपर्यंत तिचे पंखे त्यांच्या पंख्यांसारखे दिसू लागले.

फक्त एक होतं. ती बंदूक हातात घेण्याआधी चंपतराव शटर अर्धं खाली ओढत. गिऱ्हाईक आलं की ते बाहेर जात, उजवा हात गमछ्याखाली घेत, माल घेत आणि माल देत. कुणी हाताचं विचारलं तर म्हणत, आहे आता बरा. राहीबाईला आधी यात काही वावगं वाटलं नाही. काम मिळत होतं, मुलगी शाळेत जात होती. पण एकदा नदीकाठच्या गावचे उद्धवराव आपला पंखा न्यायला आले. गावानं मिळून नदीवर मोठा पंप बसवला होता, त्याला सगळे लिफ्ट म्हणत, आणि त्या लिफ्टचा कारभार उद्धवराव पाहत. पंखा उन्हात फिरवून पाहत ते म्हणाले, "चंपतराव, तुमचा हात पह्यल्यापरीस साफ झाला."

चंपतराव हसले. राहीबाई चहा गाळत होती. तिनं मान वर केली नाही, कपबशा पुढं ठेवल्या आणि आत जाऊन ब्रश धुवायला घेतले. ते ब्रश आधीच धुतलेले होते. संध्याकाळी चंपतरावांनी तिच्याकडं दोनदा पाहिलं. 

शहाण्णव साली लिंगमूर्ती आला. हैदराबादच्या बाहेर त्याचा पूड बनवायचा छोटा कारखाना होता, आणि शेडमधली नायलॉनची पूड वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच येई. शिकलेला माणूस, हिंदी बोलता बोलता तेलुगूत शिरायचा. यावेळी त्यानं एक वेगळी पिशवी आणली होती. आत नेहमीचंच नायलॉन होतं, पण त्याच्यात सिलिकाचे अतिशय बारीक कण मिसळले होते. नुसती सिलिका त्यानं एका डबीतून दाखवली. राहीबाईनं चिमूट घेतली, तर चिमटीत काही आहे असं वाटेना. डबी उघडी राहिली तर धुरासारखी वर उठत होती. लिंगमूर्ती म्हणाला की हे कण इतके लहान आहेत की केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी बसतील, याला नॅनो म्हणतात, आणि लहान असले तरी नदीच्या वाळूइतकेच कठीण आहेत. नुसत्या मातीचं सारवण पावसात वाहून जातं, त्यात बारीक मुरूम कालवला की टिकतं, तसंच हे नायलॉन वाळूपुढं टिकेल, असा त्याचा हिशेब होता. पण त्यानं मोकळेपणानं हेही सांगितलं की आपण हे लहान सपाट पत्र्यांवरच करून पाहिलं आहे, खऱ्या पंख्यावर कुणी मारलेलं नाही. तोंडाला फडक्याऐवजी लावायला त्यानं चांगले मास्क दिले आणि ते लावल्याशिवाय पिशवी उघडू नका म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून राहीबाईनं मोडक्या पंख्याच्या एका तुकड्यावर नवी पूड मारली. थर बसला, पण मंद, राखट. चमक येईना.

"थांब जराशी," चंपतराव म्हणाले. "चमक येऊ दे."

ती थांबली. थराला बारीक फोड आले आणि जळक्या नायलॉनचा वास सुटला. तो खरवडून पुन्हा मारला, पुन्हा तेच. असे आठ-दहा दिवस गेले. चंपतराव चिडू लागले. तुझा हात हलते, तू लवकर सरकते, तू नीट पाहत नाही. राहीबाई ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात येत होतं की ते जे सांगतात ते खरं आहे, पण या पुडीचं नाही. ही पूड वितळल्यावर पातळ होतच नव्हती. काकवीसारखी घट्ट राहत होती. जी पसरत नाही ती चकाकणार कशी, आणि चकाकायची वाट पाहिली तर जळणारच. शेवटी एके दुपारी त्यांनी पुन्हा चमक म्हटलं, तेव्हा तिनं ज्योत बंद केली आणि मास्क खाली ओढला.

"हिले चमक येतच नाही. तुमी म्हणता ते जुन्या पुडीचं हाय."

 चंपतराव उठले, शटरखालून वाकून बाहेर गेले आणि टायरवाल्याकडं जाऊन बसले. राहीबाईला वाटलं आपण फार बोललो. ती बराच वेळ बंदूक पुसत राहिली. मग मास्क वर घेतला आणि पूड पुन्हा मारली. या वेळी चमकीकडं पाहिलंच नाही. नुसते दाणे पाहिले. एका दाण्याची कड शेजारच्या दाण्याच्या कडेत मिटली की लगेच पुढं सरकायचं, ज्योत जरा लांब धरायची, आणि एकाच जाड थराऐवजी पातळ थर एकावर एक द्यायचे. थर तसाच राखट दिसला. पण गार झाल्यावर छिन्नी लावली तर निघेना.

 दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये चंपतरावांनी तो तुकडा उचलला, डाव्या हातानं कानस मारून पाहिली. मग तिच्याकडं न पाहता विचारलं, "चमक नाही, तं कळते कसं?"

ती सांगू लागली. दाण्याची कड कशी मिटते ते दाखवायला तिनं आंबिलीसाठी आणलेली ज्वारीची कणी परातीत घेतली, पाणी शिंपडलं. ते खाली बसून पाहत होते. हे काम त्यांच्या हातानं कधी केलेलं नव्हतं, पुढंही होणार नव्हतं, आणि तिला जे ठाऊक झालं होतं ते त्यांना आता तिच्याकडूनच कळायचं होतं. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले. चांगले प्रश्न होते. एकाचं उत्तर तिला देता आलं नाही, ते दोघांनी मिळून बंदुकीवर शोधलं.

मग चंपतराव कामाला लागले. एका जुन्या मोटरला दांडा जोडला, दांड्याला बिडाच्या दोन पट्ट्या लावल्या, एकीवर जुनी पूड, दुसरीवर नवी, आणि त्या पेनगंगेच्या वाळूनं भरलेल्या पाण्याच्या पिंपात फिरत ठेवल्या. सगळं डाव्या हातानं केलं, वेळ लागला. महिन्याभरानं पट्ट्या काढल्या तेव्हा जुन्या पट्टीवर ठिकठिकाणी बीड दिसत होतं. नवीवर ओरखडे होते, थर शाबूत होता. लिंगमूर्तीला फोन करायला चंपतराव टपालाच्या ऑफिसात गेले ते नवा शर्ट घालून.

पुढच्या वर्षभरात बरेच पंखे नव्या पुडीचे गेले. उद्धवरावांच्या लिफ्टचाही गेला. आणि सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात उद्धवराव स्वतः शेडवर आले. पंखा टिकला होता, पण आता पंपाचं केसिंग गेलं होतं, म्हणजे ज्या बिडाच्या पेटीत तो पंखा फिरतो ती. तिचा वरचा अर्धा भाग निघतो, खालचा काँक्रीटमध्ये बसवलेला. तो काढून आणायचा तर अख्खं पंपघर फोडावं लागलं असतं. नदी आटलेली आहे तोवर तिथंच येऊन थर चढवून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

चंपतराव म्हणाले, विचार करून सांगतो. उद्धवराव गेल्यावर त्यांनी राहीबाईला सांगितलं की नाही म्हणून कळवू. नदीकाठी शटर नव्हतं. गाव जमणार होतं.

 राहीबाई पूड चाळायच्या घासलेल्या गाळण्या ओळीनं लावत होती. मग म्हणाली, "आपुन नाही म्हटलं तं ते दुसऱ्याले आणतीन. त्याले ही पूड माहीत नाही, करपवून ठेवीन. गावाची लिफ्ट हाय ते." आणि थोड्या वेळानं, "मले यायचं हाय."

ते गेले. टेम्पोत टाक्या, हवेचं यंत्र, पुडीच्या पिशव्या, आणि पुढं ड्रायव्हरजवळ दोघं. जैनथ गावाच्या पलीकडं रस्ता कच्चा होता. नदीत पाण्याची एक बारीक धार उरली होती, बाकी सगळी वाळू पांढरी पडली होती. पंपघराशी उद्धवराव आणि गावची माणसं उभी होती. सामान उतरवलं, केसिंगचं वरचं झाकण साखळीनं उचलून बाजूला ठेवलं. राहीबाईनं नेहमीसारखी सफाई केली, वाळूचा मारा दिला. इथवर कुणाला काही वाटलं नाही. मग बंदूक जोडायची वेळ आली आणि सगळे चंपतरावांकडं पाहू लागले.

चंपतरावांनी खांद्यावरचा गमछा काढला आणि उजवा हात पुढं धरला. हात थरथरत होता.

"हा चालत नाही," ते म्हणाले. "टाकी पडली तवापासून नाही. तुमच्याकडं आलेलं समदं हिच्या हातचं हाय. तुमचा पंखाबी."

 मागं कुणीतरी कुजबुजलं, बाई मारणार आता? उद्धवराव खाली बसले. केसिंगशेजारी त्यांचा पंखा काढून ठेवलेला होता, त्याच्यावर हात फिरवत राहिले.

"मंग आमाले काऊन नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"कायची?"

चंपतरावांनी गमछा डाव्या हातानं टाकीवर टाकला.  उद्धवराव उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो बाईचा नव्हता, फसवलं गेल्याचा होता. तरीही त्यांनी धोतराची धूळ झटकली आणि राहीबाईला विचारलं, "वैनी, होईन काय हे इथं?" ती म्हणाली, करून पाहते, नाही जमलं तर तसं सांगीन.

अडचण आलीच. शेडमध्ये पंखा चारी बाजूंनी तापायचा. इथं केसिंगचा खालचा भाग जाड, पुन्हा काँक्रीटला चिकटलेला. ज्योतीनं दिलेली सगळी ऊब तो आत ओढून घेई. ती एक वीत पुढं सरकली की मागचं बीड गार झालेलं असे आणि पूड रव्यासारखी पडे. पाइपाच्या तोंडाशी तिनं जोर करून तापवलं, तर तिथला थर करपून तपकिरी झाला. तिनं बंदूक खाली ठेवली. घाम मास्कच्या आत ओघळत होता. माणसं बघत होती.

चंपतराव केसिंगशी तिच्या शेजारी येऊन उकिडवे बसले. त्यांनी तापवायची साधी ज्योत मागितली आणि डाव्या हातात धरली.

"मी म्होरं तापवत जातो," ते म्हणाले. "तू मागून ये. कवा सरकायचं ते तू सांग."

करपलेला थर आधी खरवडून काढला. मग ते निघाले. बिडाच्या त्या वळणावरून त्यांची ज्योत पुढं आणि तिची मागं. मास्कमुळं बोलता येत नव्हतं, म्हणून ती कोपरानं त्यांच्या गुडघ्याला हलकं ढोसायची, की ते पुढं सरकायचे. थोड्या वेळानं ढोसायचीही गरज राहिली नाही. तिचा हात थांबला की त्यांचा थांबे. एक थर झाला, गार पडायच्या आत दुसरा. दुपारी कुणीतरी आंबील आणून दिली, ती दोघांनी तिथंच उभ्यानं घेतली आणि पुन्हा बसले. ऊन कलताना शेवटचा थर संपला. आतून केसिंग मंद राखी दिसत होतं, कुठंही लकाकत नव्हतं. उद्धवरावांना ते पसंत पडलं नाही हे त्यांच्या तोंडावर दिसलं. राहीबाईनं त्यांच्या हातात छिन्नी दिली. त्यांनी कडेला लावली, दाबली, पुन्हा दाबली आणि परत केली.

तो पावसाळा गढूळ गेला, नदीनं भरपूर वाळू आणली. दिवाळीनंतर केसिंग उघडलं तेव्हा पाइपाच्या तोंडाशी, जिथं थर खरवडून पुन्हा दिला होता, तिथं तळहाताएवढा भाग उघडा पडलेला होता. बाकी सगळं जागेवर होतं. राहीबाई जाऊन तेवढा भाग दुरुस्त करून आली. या वेळी पंपघराशी गर्दी नव्हती. गावातल्या दोन-तीन बाया मात्र पाहायला आल्या आणि सगळं होईस्तोवर पोरं कडेवर घेऊन उभ्या राहिल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. एका दालमिलवाल्यानं बाईच्या हातचं नको म्हणून माल परत नेला आणि पुन्हा कधी आला नाही. उद्धवराव काम देत राहिले, पण चंपतरावांशी पूर्वीसारखं मोकळं बोलायला त्यांना दोन वर्षं लागली. लिंगमूर्तीनं दोघांना हैदराबादला बोलावून आपल्या कारखान्यातल्या लोकांपुढं राहीबाईला बंदूक चालवायला लावली. तिथला गोंगाट तिला आवडला नाही, पण थर देताना पंखा वर ठेवून फिरवायचा तिथला चाकाचा पाट आवडला, आणि परत आल्यावर चंपतरावांनी तसाच एक बनवून दिला.

शटर आता दिवसभर वर असे. नव्याण्णवच्या हिवाळ्यात नागपूरकडचा एक ट्रकवाला कुणाच्या तरी पत्त्यानं शेड शोधत आला. पंपाचा भाग उतरवून त्यानं चंपतरावांना हिंदीत विचारलं की मिस्त्री कुठं आहे, त्याच्याशीच बोलायचं आहे. आत राहीबाई जेवत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"बैठो," चंपतराव म्हणाले. "मिस्त्री खाना खा रही है."

ट्रकवाला बाकावर बसला. राहीबाईनं घाई केली नाही. उरलेली भाकर दुधात कुस्करून खाल्ली, डबा विसळला, आणि मग तोंड पुसत बाहेर आली. तो भाग दोन्ही हातांनी उचलून उजेडात फिरवत तिनं विचारलं, पाणी नदीचं की विहिरीचं.